पाळण्यातली गप्प जागा

हॅलो?… हां, रूपाली, बोल… अगं, रडतेस कशाला? आधी सांग तरी…

हो, हो… भुताच्या जुन्या पिक्चरचा रीमेक. त्याच्या गाण्यांचा अल्बम तुझा भाऊ पुष्करच जुळवतोय ना… हां, जुनी-नवी गाणी, आणि मध्येच, पिक्चरमधल्या हडळीच्या तोंडी, आपल्या जुईचा पाळणा! मलाही पाठवलाय त्यानं… आधी घातला, मग विचारतोय. चुकलंच त्याचं.

बारशाला मला सुट्टी नव्हती, तर तू गाऊन घरच्या ग्रुपवर पाठवलेलास. विसरेन का मी?

आई काय म्हणाली?… 'नातीचं नाव हडळीच्या तोंडी'?… खरंय गं, मलाही आधी तेच वाटलं. तिला सांग, मीठमोहऱ्या उतरवून टाक… पण अगं ऐक ना…

नाव नाहीये त्यात! कापलंय… तू अर्ध्यातच बंद केलंस ना? वाटलंच. 'नीज बाळा' म्हणतेस आणि नावाच्या जागी गप्प. थेटरात लोक तिथंच घाबरणार.

नको म्हणायचंय? म्हण. संध्याकाळपर्यंत कळवायचंय ना? तुझा आवाज, तुझी मर्जी… फक्त सकाळी काय झालं ते ऐक.

अगं, कॅम्पातून साइटवर निघालो. म्हटलं, हळूच कानात ऐकावं. तर फोन बसच्या ब्लूटूथला जोडलेला! रोज गाणी मीच लावतो ना… झालं, इथं सौदीत धाहरानच्या रस्त्यावर अख्ख्या बसमध्ये तू!… हसतेस काय, घाम फुटला मला…

बंद करायला गेलो, तोवर 'नीज बाळा' आलं, मग ती गप्प जागा… आणि मागून राजाभाऊ, हळूच, 'सुमीत'… हो गं, आमचे फोरमन. त्यांच्या सुमीतला मिशा फुटल्यात आता!… मग मंडणगडचा तल्हा, 'लाइबा'. त्यानं लेकीला अजून मांडीवर घेतलेलं नाही… पुढच्या कडव्याला सगळी बस. ज्याचं त्याचं पोर…

नाही, कुणी नाही घाबरलं. उतरताना राजाभाऊ म्हणतात, 'वहिनींचा पाळणा उद्याही लाव.'

मी?… माझ्या तोंडून नाव फुटलंच नाही गं. 

काय?… राहू दे म्हणतेस? नक्की? गायिका म्हणून तुझं नाव घालून?… शाब्बास!

आलो रे, यल्ला, निघालोच, दोन मिनिटं!… तुला नाही गं, जेवणाची सुट्टी संपली… ऐक ना, एकदा म्हण की. माझ्यासाठी. जुईचं नाव घेऊन… असू दे आई तिथं, तीही ऐकेल… हां… हां…

हॅलो? रूपाली?… नेमका नावावरच फोन कटला… हॅलो?…

…जुई.