उपाशी पोटी

नाही, आज शुरूक मिस ड्यूटीवर नाहीये— तिसऱ्यांदा विचारतेस, उम हमदी. कैरोला गेलीये, ट्रेनिंगला. मी आहे ना, इनशिराह मिस? मी काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे? आई ना तू हमदीची? मग बस त्याच्याजवळ. हमदी, हात सरळ ठेव रे, आता टोचणार नाही कुणी. सुई बसली आत, यातूनच थोड्या थोड्या वेळाने रक्त काढायचं, संपलं. बघितलंस ना, पहिल्याच फटक्यात शीर सापडली— नऊ वर्षांचा पोरगा आणि मनगट पाचाच्या पोराचं. अख्ख्या तांता शहरात असली शीर धरणारी दुसरी दाखव मला. तुझी शुरूक? ती दोन-दोनदा टोचते. पण गंमत अशी की ती दोनदा टोचते तरी पोरं हसतात, आणि मी एकदा टोचते तरी भोकाड पसरतात. आता याला काय म्हणायचं?

लाडीगोडी म्हणायचं, दुसरं काय. चपला काढून पोराच्या पलंगावर मांडी घालून बसते— नर्सने असं बसायचं असतं? त्यांच्या आयांशी गप्पा काय, सासू कशी छळते, नणंद काय बोलली, सगळं हिला ठाऊक. परवा एक बाई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. माझ्याकडे आली की त्याच बाईच्या तोंडाला कुलूप. मी काय खाते का कुणाला? रक्ताच्या नळ्या थंड ठेवायचा बर्फ संपला की खालच्या उसाच्या रसवाल्याकडून मी आणते— फुकट, माझ्या शब्दावर. लॅबवाल्यांनी रक्त गोठलं म्हणून परत पाठवलं की त्यांच्याशी मी भांडते. एकदा तर एका पोरीची साखर धडाधड खाली आली, डॉक्टरांचा पत्ता नाही, मी एकटीने सांभाळली. तेव्हा ही शुरूक शाळेत वेण्या घालून जात असेल.

आणि ट्रेनिंगचं नाव आलं तर मोठे डॉक्टर म्हणतात, इनशिराह, तुला काय शिकवायचं, तुला सगळं येतं. ऐकायला किती गोड. गेली ती, उरले मी. येईल आता तिकडून चार नवे शब्द घेऊन आणि मलाच शिकवेल. जळते मी, हो, जळते— लपवू कशाला? घरी नवऱ्यालाही तेच सांगते, तो म्हणतो, तू पण हस की जरा. हसते मी. हसले तर पोरं आणखी घाबरतात.

तू दाराकडे काय बघतेस सारखी? येणार नाही ती, सांगितलं ना. माझ्या हाताखाली पोरगा सुखरूप आहे, बाई. हं, हमदी, आता ही गोळी. गिळलीस की झोप येईल, अंगातलं वाढीचं हार्मोन जागं होतं का ते आपण बघणार— तू झोपायचं आणि ते जागं व्हायचं, कळलं? रक्तदाब थोडा उतरेल, पण मी इथून हलत नाही. फक्त पोट रिकामं हवं, साखर गेली असेल तर ते हार्मोन दबून बसतं, मग सगळा निकालच खोटा आणि— अगं, हात का धरलास माझा? सोड, गोळी पडेल.

काय?

मोठ्याने बोल. भाकरी? काकवी लावून? कधी— बसमध्ये. रडत होता म्हणून. अख्खी खाल्ली?

मी दारात विचारलं होतं तुला. खणखणीत विचारलं होतं, काही खाल्लं का म्हणून, आणि तू नाही म्हणालीस. ही गोळी त्याच्या पोटात गेली असती, उम हमदी. आकडा खोटा कमी आला असता आणि या पोराला रोज रात्री वाढीचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं, गरज असो नसो. मग तेव्हाच का नाही— ओरडले असते म्हणून? हो, ओरडले असते. आत्ता ओरडतेय का? नाही ना.

म्हणजे म्हणून तू शुरूक, शुरूक करत होतीस सकाळपासून. मला वाटलं— जाऊ दे, मला काय वाटायचं ते वाटलं. तिला सांगितलं असतंस? आल्या आल्या? नको, बोलू नकोस. मान हलवलीस, दिसलं मला.

हमदी, दे हात. सुई काढते. रडू नकोस रे, तुझी काही चूक नाही, भूक लागली की खायचंच असतं. हा कापूस दाबून धर. अजून घट्ट. ऊठ गं, पूस डोळे. रविवारी आण त्याला, उपाशी. तोवर शुरूक परत आलेली असेल. जा आता.