पेरणाऱ्याची चूक काढायला गेलेला हनान

मंडळी, आज एक अवघड प्रश्न घेऊन उभा आहे. प्रभू येशू सरोवराच्या काठी हजारो माणसांना दाखले सांगायचे – आणि त्यांचा अर्थ? तो घरात, दार लोटून, मोजक्या माणसांना! मग हा पंक्तिभेद झाला की नाही? बाहेरच्यांना नुसता वास आणि आतल्यांना ताट?

ऐका. शास्त्रात हनान नावाचा शेतकरी शोधू नका, सापडायचा नाही. तो मी आज तुमच्यासाठी उभा केलाय. पण त्याच्यासारखे इथं पुढच्या ओळीतच बसलेत.

हनानचा एकुलता मुलगा योथाम. बापानं त्याला खळ्यावर राखणीला बसवलं, तर हा झोपला! गुरं शिरली, वर्षाचं धान्य तुडवून गेली. हनान कडाडला, "तू खडक आहेस खडक! तुझ्यावर बी टाकणं म्हणजे वाया घालवणं. नीघ!" पोरगा निघाला तो कोळ्यांच्या होड्यांवर राहू लागला. आई मिल्का पदराआड भाकरी न्यायची. आणि त्या दिवशी सकाळी ती रडतच आली, "अहो, संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर होडी पलीकडं जातेय. योथाम कायमचा चाललाय. एक हाक मारा."

हनान म्हणाला, "मला काम आहे." काम कसलं? गेला आपला काठावर, प्रभूंचं ऐकायला!

प्रभूंनी पेरणाऱ्याचा दाखला सांगितला. थोडं बी वाटेवर पडलं, थोडं खडकावर, थोडं काट्यांत, थोडं चांगल्या मातीत. लोक विचारात पडले. आणि आमचा हनान? तो शेतकी खात्याचं भाषण ऐकायला आल्यासारखा मान हलवतोय. शेजाऱ्याला म्हणतो, "सुतारानं शेती सांगू नये. खडकावर बी टाकणारा कसला पेरणारा?" हसू नका, मंडळी. देवळातून घरी जाताना आपण काय बोलतो? पाळकांचा आवाज बसला होता, पेटी बेसूर होती... उपदेश कुणाला आठवतो?

दाखला संपला. लोक पांगले. हनानला मात्र राहवेना. चूक दाखवल्याशिवाय जेवण पचायचं नाही असा तो गडी! प्रभू उतरले होते त्या घरी तडक गेला. दार नुसतं लोटलेलं, कडी नव्हती. हे ध्यानात ठेवा – कडी नव्हती. आत शिष्य बसलेले. प्रभू म्हणाले, "ये, बस."

"गुरुजी, राग मानू नका. आमच्या सात पिढ्या शेतीत गेल्या. शहाणा माणूस खडकावर मूठ टाकत नाही."

"खरं आहे," प्रभू म्हणाले. "शहाणा माणूस ती जागा सोडून देतो." मग जवळ सरकून, त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हनान, तू कुठली जागा सोडून दिलीस?"

हनानच्या तोंडचं पाणी पळालं. "माझ्याकडं पडीक जमीन नाही, गुरुजी."

प्रभूंनी खिडकीतून सरोवराकडं पाहिलं. तिथं होडीवर शीड चढत होतं.

हनाननं खिडकीकडं पाठ फिरवली. "तो खडक आहे, गुरुजी. मी बाप आहे, मला माहीत आहे."

"आणि मी पेरणारा आहे," प्रभू हळूच म्हणाले. "तुम्ही खडक म्हणून सोडलेल्या जागीसुद्धा माझा हात थांबत नाही."

आता सांगा मला – हीच गोष्ट प्रभूंनी काठावर सांगितली असती तर? "हनान, तू पोराला हाकललंस!" सगळ्या गावानं वळून बघितलं असतं, हनान पेटून उठला असता आणि योथाम गेला तो गेलाच असता. म्हणून चारचौघांत दाखला. दाखल्यानं त्याची लाज झाकली. आणि घरात, एकट्याला, त्याचं नाव घेतलं. केवढी ही माया! शिकवणारे पुष्कळ पाहिले मी, पण शिकणाऱ्याची अब्रू इतकी जपणारा गुरू दुसरा पाहिला नाही. धरा तबल्यावर ठेका, दानियलराव –

*गोष्ट सांगे चारचौघां, नाव घेई एकांतीं ।*
*दार लोटा, आंत या रे, वाट पाहे गुरुमूर्ती ॥*

हनान उठला. घरी नाही गेला, काठावर गेला. योथाम दोर सोडत होता. बापाला पाहून त्यानं मान खाली घातली. हनानला क्षमा मागता येईना, सवयच नव्हती. शेवटी कसंबसं म्हणाला, "योथाम, पेरणी आलीय. मला एकट्याला होत नाही रे."

पोराच्या हातातला दोर गळून पडला. "बाबा, मी परत झोपलो तर?"

"मी उठवीन," बाप म्हणाला.

होडी सुटली, मंडळी. योथाम तिच्यात नव्हता.

तर पंक्तिभेद झाला का? अहो, कडी नव्हती दाराला! आत आले ते निवडलेले नव्हते, ते विचारायला थांबलेले होते. हनान तर भांडायला आला होता, तरी त्याला बस म्हटलं. आता आरती झाली की तुम्ही चपला शोधायला पळाल. पळा. पण ज्याच्या घरात कुणाला तरी खडक म्हणून सोडून दिलंय, त्यानं आज घरी गेल्यावर एकट्यानं दार लोटून बसावं. प्रभू तुमचं नाव घेतील. गावाला कळणार नाही.