मधला खांब

टाइल्सच्या दुकानातली रांग संथपणे सरकत होती. अनिमेषच्या पुढे उभ्या असलेल्या नवरा-बायकोच्या केसांत चुन्याची धूळ होती. त्यांचे बोलणे ऐकू नये असे त्याला मनापासून वाटत होते. पण डोळ्यांसारखे कान काही मिटता येत नाहीत.

“अहो, तुळई वाजली. सकाळी ऐकलं मी.”

“जुनं लाकूड हाय, वाजणारच की.”

“मधला खांब काढायच्या आधी कधी वाजली न्हाय.”

“त्या व्हिडिओतल्या माणसानं दोन खांब काढले. हॉल कसला ऐसपैस झाला त्याचा.”

“त्याच्या घरावर पत्रा होता. आपल्यावर हातभर मातीचं माळवद हाय.”

“घर आपल्या हातानं करू, हे तूच म्हणलीस.”

“रंग म्हणलं होतं मी. खांब न्हाय.”

“हळू बोल, लोक ऐकतात.”

“ऐकू देत. त्या तुळईखाली अप्पा झोपलेत. फोन लावा, बाहेर बसा म्हणा.”

“आणि कारण काय सांगू? खांबाला हात लावू नको म्हणून आठवडाभर भांडले ते माझ्याशी.”

“तेच कारण सांगा.”

रांग पुढे सरकली. नवरा मात्र जागचा हलला नाही. मग त्याने फोन लावला आणि दुकानाच्या गलक्यात ऐकू यावे म्हणून स्पीकर सुरू केला.

“अप्पा, जरा बाहेर कट्ट्यावर बसता का?”

“का रे?”

“खांब... काढायला नको होता मी. तुळई वाजतीय.”



“तुमी गेल्या गेल्या कट्ट्यावरच येऊन बसलोय. तू कधी सांगतोस, ते बघत होतो. टाइल्स राहू देत आता, टेकू घेऊन ये.”