चौथं बटण

नाही नाही, पोट आत ओढू नका, ब्रिगेडियर लॅस्कम — बत्तीस वर्षं तुमचे कपडे शिवतेय मी, मला कुठे फसवताय? हं, हात खाली. लष्करी ओव्हरकोट निळा रंगवून घेतला की माणूस किती निरुपद्रवी दिसतो बघा, अगदी बँकेतले कारकूनच! रागावू नका हो. आता निवृत्त झालात, पाचच्या गाडीने बॅलरॅटला बहिणीकडे निघालात, गुलाब लावणार — तिथे कुणाला दरारा दाखवायचाय?

पहिला कोट आठवतो? चौदा साल, लष्करी शाळेतून नुकतेच सुटलेले, मान ही एवढीशी — माझे वडील मला म्हणाले, "विनी, कॉलर आतून घे, नाहीतर पोरगं बोटीवर चढायच्या आत कोटात हरवेल." गॅलिपोली झालं, फ्रान्स झालं, लेफ्टनंट कर्नल होऊन आलात, खांद्यावर हुद्द्याचा मुकुट — आणि शांतता झाली तशी सरकारनं परत कॅप्टन केलं! लढाई संपली की जग सुखानं झोपतं, तुमची तेवढी बढती जाते. मुकुट काढून भोकं बुजवा म्हणालात. नाही बुजवली मी. तारे सरकवून झाकली. म्हटलं, लागतील पुन्हा. वीस वर्षं लागली, पण लागली की नाही?

मग लिबिया, मग न्यू गिनी — तिथून तर मलेरियानं अर्धे होऊन आलात. आणि दोन-दोन महायुद्धं लढलेला हा माणूस, मेलबर्नमध्ये असला की दर महिन्याला दारात हजर — का, तर चौथं बटण तुटलं! "मिस डॉबी, तुमचा दोरा कच्चा." कच्चा? घोडा बांधावा असा दोरा तो! बाकीची बटणं कधी तुटली? मीच ते एवढं एकच बटण दोन टाक्यांवर —

टाचणी कुठे गेली? इथेच तर होती. बघताय काय असे? दिवसभर सुई चालवली की बाई काहीबाही बोलते, मनावर घेऊ नका.

झालं. या वेळी आठ टाके घातलेत, मेण लावून. बॅलरॅटच्या थंडीतही हलायचं नाही. आता यायची गरजच नाही. चला, निघा, गाडी चुकेल — अहो! ओढताय काय ते? ब्रिगेडियर, कापड फाटेल —

तुटलं की.

द्या ते बटण इकडे. नाही, आज नाही, दुकान बंद झालं. गुरुवारी या. निघा म्हणते ना!