देठावरची लव

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरली कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची.

"रानथाइम म्हणून ओव्यासारख्या वासाचं एक झुडूप असतं, त्याच्या दोन जाती. फुलं सारखी, वासही सारखाच. एकीच्या देठाला चहूबाजूंनी लव, दुसरीच्या फक्त कडांवर. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने बरोबर ओळखलं होतं गं. मी चूक म्हणून सगळ्यांसमोर तिची वही भिरकावली."

"ताई, तू देठ बघितला नव्हतास?"

"चष्मा घरी राहिला होता. सांगायची लाज वाटली. परवा तोच जुना नमुना भिंगाखाली धरला, तेव्हा कळलं."

"मग फोन कर तिला."

"केला. मी बोलायच्या आधीच म्हणाली, 'बाई, तेव्हा चुकलेच मी. आता मीही शिकवते, माझ्या वर्गातल्या मुलांना तुमचंच उत्तर सांगते.'"

"मग तू काय म्हणालीस?"

"'बरं करतेस' म्हणाले आणि फोन ठेवला."