काकूचा कान अन् काकाचा रेडिओ

जुन्या रेडिओले हासू नका बाप्पा, पहिले आमच्या काकूचं आयका. साकोलीजवळ त्याईच्या घरामागंच वावर. वानरं हाकलाले काका तिथं दिवसभर रेडिओ लावून बसते. तो घडीघडी बंद पडते, काकानं थापड मारली का पुन्हा वाजते. मले दया आली. मी गाणी भरलेला नवा स्पीकर नेऊन देल्ला. एकसारखा वाजे!

दुपारी काकू धापा टाकत वावरात आली. काका मस्त बसून होते. तिनं मलेच झापलं, "मागच्या साली हे इथं चक्कर येऊन पडले, तवापासून माहा कान इकडंच राहते. बंद पडलेला रेडिओ पुन्हा वाजला का समजते, माणूस बरा आहे. तुहा डब्बा तं माणूस पडला तरी वाजतच राहीन!"