आरव्हीच्या चाकाखालचं लिंबू

...पस्तीस वर्षं ट्रक चालवला मंडळी, नागपूर-रायपूर, रायपूर-नागपूर, एक ॲक्सिडेंट दाखवा माझा! एक! ...म्हणजे माणसाचा नाही. एक पानटपरी होती, पण मालक नेमका जेवायला गेलेला, आणि एक नाक्यावरचा बांबू, पण तो आधीपासूनच वाकडा होता. ते जाऊ द्या. सांगायचं काय, तर असल्या माणसाला पोटचा पोरगा म्हणतो, "बाबा, आरव्हीच्या किल्लीला हात नाही लावायचा हं!" हात नाही लावायचा! अरे, तू रांगत होतास तेव्हा मी दहा टन सिमेंट घेऊन घाट उतरत होतो...

आरव्ही म्हणजे काय, माहीत आहे ना? घराला चाकं लावायची, पुढे इंजिन, मागे बेडरूम, मधे संडास. असली एक भाड्याची गाडी आमच्या शंतनूने घेतली, दुसरी त्याच्या मित्राने, सत्यजितने, आणि अमेरिकेतल्या त्यांच्या क्युपर्टिनोहून दिवसभर ड्राइव्ह करून आम्हाला नेलं कुठे? ॲरिझोनाच्या वाळवंटात! झाड नाही, सावली नाही, नुसते काटेरी खांब उभे, आणि त्यांच्यात आमच्यासारख्याच दहा-बारा आरव्ह्या. सुनेला विचारलं, "उर्वी, हे ऑफ-ग्रिड ऑफ-ग्रिड म्हणजे काय गं?" तर डोळे मिटून म्हणते, "बाबा, नो लाइट, नो नळ, नो रेंज. एकदम पीसफुल!"

बाप्पा! मग माझं तर अख्खं आयुष्यच पीसफुल गेलं की! रस्त्याकडेला गाडी लावा, कॅनमधलं पाणी पुरवून पुरवून वापरा, स्टोव्हवर भात चढवा, गाडीच्या सावलीत आडवे व्हा... आम्ही केलं तर ड्युटी, ह्यांनी केलं तर व्हेकेशन!

आणि नियम तर काय विचारता! "बाबा, शॉवर दोन मिनिटं." दोन मिनिटांत माझा बनियन निघत नाही. "आई, ताट आधी टिश्यूने पुसायचं, मग धुवायचं." आमची अहिल्या म्हणते, "पुसलंच आहे तर धुवायचं कशाला?" आणि तिने आत जिऱ्याची फोडणी टाकली मात्र, टींऽऽ टींऽऽ टींऽऽ! धुराचा भोंगा! नात ओरडतेय, "आजी, स्टॉप कुकिंग!", सत्यजित लुंगीवर बाहेर पळतोय, आणि शेजारच्या गाडीतली गोरी म्हातारी, डॉटी, एकटीच राहते कुत्रा घेऊन, ती आपली खुर्चीत बसून टाळ्या वाजवतेय. मग शेगडी आली बाहेर. अहिल्या पदर खोचून वाळूत बसली, डाळीला चर्रर्र करून फोडणी दिली, आणि तुम्हाला सांगतो... मला एकदम रायपूरचा रस्ता आठवला.

लग्न नवीन होतं. शेठला मस्का लावून एकदाच, एकदाच तिला कॅबिनमध्ये बसवून रायपूरला नेली होती. नदीच्या पुलाजवळ गाडी लावली, अशीच बसली होती ती खाली, अशीच फोडणी. मग कॅबिनमध्ये चढली, चपला काढल्या, डॅशबोर्डवर दोन्ही हात ठेवले, जशी काही गाडी तीच ढकलतेय! मैलाचा दगड दिसला की विचारायची, "अजून किती?" आणि मी लांबच सांगायचो, मुद्दाम. रायपूर येऊच नये असं वाटायचं. पुढे शेठने बायकांना बंदी घातली कॅबिनमध्ये. मग पोरगं, शाळा, पोराची अमेरिका... आता माझा मोतीबिंदू. नागपुरात मला स्कूटीसुद्धा देत नाही कोणी. पुढच्या आठवड्यात आमचं परतीचं विमान. म्हणजे शेजारी अहिल्या आणि हातात मोठ्या गाडीचं स्टिअरिंग, हा योग आता आला तर आला, नाही तर गेला. पण किल्ली? किल्ली शंतनूच्या खिशात!

मग निघायच्या दिवशी काढलं मी शास्त्र.

सरबताची दोन लिंबं उरली होती, ती नेऊन ठेवली पुढच्या चाकांखाली. म्हटलं, "शंतनू, रानातून गाडी हलवायची तर लिंबावरून. आणि लिंबावरून गाडी घालायची ती घरातल्या वडीलधाऱ्याने. सपत्नीक!" हे सपत्नीक मी आयत्या वेळी घातलं, काय जमलं म्हणता! सत्यजित चष्मा वर करून म्हणतो, "काका, हे कुठे लिहिलंय?" म्हटलं, "सर्च कर ना!" ...रेंज कुठाय बाळा? तो ऑफिसात मशिनला अक्कल शिकवतो म्हणे, त्याने मुकाट्याने चाकाला हळदकुंकू लावलं. उर्वी पण म्हणाली, "करू दे ना रे बाबांना, उगाच रिस्क नको."

शंतनूने किल्ली काढली. "फक्त दोन फूट बाबा. लिंबू फुटलं की ब्रेक. प्रॉमिस?"

"प्रॉमिस!"

थाटात दार उघडून चढलो... तर स्टिअरिंगच नाही! ह्यांचं स्टिअरिंग उलट्या बाजूला! तिथे अहिल्या चढून बसलेली. "अहो, हे माझ्याकडे काय आलंय?" मग आतल्या आत जागा बदलल्या, तिचे गुडघे, माझी कंबर, बाहेर सगळे हात जोडून उभे. केली चालू. लिंबू फुटलं. फटकन आवाजसुद्धा आला. पण पायाला कुठे ऐकू येतं मंडळी? मागून शंतनू, "बाबा, ब्रेक! बाबाऽऽ!" आणि शेजारी बघतो तर अहिल्येने चपला काढलेल्या, दोन्ही हात डॅशबोर्डवर! मग ब्रेक कोण मारतो? जरा पुढे गेलो, जरा वळवली... आणि कोरड्या ओढ्याच्या भुसभुशीत वाळूत पुढची चाकं गेली ती गेली. आता मी जुना ड्रायव्हर! दिला ॲक्सिलेटर! ...गाडी पोटापर्यंत खाली.

शंतनू माझ्यावर चिडला नाही. त्यानेच जास्त लागलं. टाकीतलं पाणी संपत आलेलं, सत्यजितची गाडी ओढायला आणावी तर तीही रुतायची, मदतीला फोन करावा तर पीसफुल, आणि पोरगा गुडघ्यावर बसून हाताने वाळू उपसतोय. आमच्या वेळी रुतलो असतो तर शेठने पगार कापला असता. इथे उर्वी सगळ्यांना बिस्किटं वाटतेय! आम्ही केलं तर ड्युटी, ह्यांनी केलं तर... पण तोंडातल्या तोंडात म्हटलं बुवा, मोठ्याने म्हणायची सोय राहिली नव्हती.

तेवढ्यात आली डॉटी. माझ्याच वयाची असेल, डोक्यावर हॅट, बाजूला कुत्रा, एवढा मोठा पिकअप ट्रक. उतरली, चाकाकडे बघितलं, मागे पडलेल्या फुटक्या लिंबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. जाड पट्टा काढून आमच्या गाडीला बांधला आणि म्हणाली, "हनी, समबडी सिट अँड स्टिअर!" आता शंतनू आणि सत्यजित मागून ढकलणार, उर्वी पोरीला सांभाळणार. उरलं कोण? शंतनू खिडकीशी येऊन म्हणाला, "बाबा, काही दाबू नका. नुसतं सरळ धरा." आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. वाळूचा हात.

पिकअप गुरगुरला, पट्टा ताणला, आणि आमचं घर हललं हो! ओढ्यातून वर, काट्यांमधून, पार कच्च्या रस्त्यापर्यंत. खिडकीतून वारा, समोर ऊन, स्टिअरिंग माझ्या हातात आणि शेजारी अहिल्या. ती विचारते, "अजून किती?" देवाशपथ विचारलं! मी म्हटलं, "लांब आहे." रस्ता समोर दिसत होता.

गाडी थांबली तसा मी कॉलर ताठ केली. म्हटलं, "बघितलंस अहिल्ये? चालवलीच की नाही शेवटी, तुला शेजारी बसवून?"

तिने शांतपणे चपला पायात सरकवल्या आणि म्हणाली, "चालवली? अहो, पुढे राबून ओढत होती ती बाई, मागून ढकलत होती पोरं, आणि तुम्ही मधे नुसतं चाक धरून ऐटीत बसला होतात. आपल्या घरी दुसरं काय चाललंय इतकी वर्षं?"